विकास शुल्क कुठे जाते, उद्याने कुठे होतात?

सुधा नदीच्या काठी वसलेले मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळही येथेच आहे. एका बाजूला तळेगाव-चाकणचा औद्योगिक पट्टा, दुसरीकडे पिंपरी-चिंचवडची वाढती हद्द. यांच्या मधल्या अशा गावांत शेतजमिनीचे भूखंड पडू लागले की बांधकाम परवान्याबरोबर ‘विकास शुल्क’ नावाची पावती हाती येते. हे शुल्क कशासाठी घेतले जाते आणि त्यातून गावाला मैदान किंवा बाग मिळते का, याविषयी भरणाऱ्यालाही सहसा नीटशी माहिती नसते.

या आकारणीला आधार आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. त्यात १९९२ मध्ये सहा-अ हे प्रकरण घालण्यात आले आणि जमिनीचा वापर बदलणाऱ्याकडून वा बांधकाम करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणांना मिळाला. सुरुवातीचे दर चौरस मीटरमागे ठरावीक रुपयांत होते. पुढील दुरुस्तीने ते शीघ्रसिद्ध गणकातील जमिनीच्या दराशी जोडले गेले. निवासी वापरासाठी जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकाम क्षेत्रावर दोन टक्के, तर व्यापारी वापरासाठी त्याच्या दुप्पट, असे हे प्रमाण आहे. उदाहरणार्थ, गणकातील दर चौरस मीटरला ५,००० रुपये धरला, तर एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तितकेच निवासी बांधकाम करणाऱ्यास २५ हजार अधिक एक लाख, म्हणजे सव्वा लाख रुपये भरावे लागतील. मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी या दरांत वाढ करण्याची मुभाही कायद्याने दिली आहे.

जमा रकमेसाठी स्वतंत्र विकास निधी ठेवावा आणि तो सार्वजनिक सुविधा पुरविण्यासाठी व त्यांच्या सुधारणेसाठी वापरावा, असे कायदा सांगतो. मेख आहे ती पुढे. हा खर्च प्राधिकरणाच्या संपूर्ण क्षेत्रासाठी असतो. ज्या गावात पैसा भरला गेला त्याच गावात तो खर्च व्हावा, असे बंधन नाही. शहराच्या एकाच महापालिकेत हे खपून जाते, कारण नागरिक शेजारच्या प्रभागातील उद्यानातही जाऊ शकतो. ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे क्षेत्र मात्र सहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. वाघोलीत झालेल्या रस्त्याचा सुदुंबऱ्याला काय उपयोग? बांधकामाचे शुल्क प्राधिकरणाच्या तिजोरीत जाते, आणि दिवाबत्ती, कचरा, पाणी यांची रोजची तक्रार मात्र ग्रामपंचायतीच्या दारात येते.

येथे आणखी एक गल्लत हमखास होते. सन २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. गृहसंकुलाच्या फाटकाआड दिसणारी हिरवळ ती हीच. ती तेथील रहिवाशांची असते, गावाची नव्हे. मोठ्या प्रकल्पांतून मिळणारी सुविधा क्षेत्राची जागा वेगळी, आणि तीही सुरक्षित असतेच असे नाही. अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आला, तेव्हा नागरी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता.

मुळात पैशाआधी जागा लागते. विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण पडले तरी दहा वर्षांत भूसंपादन झाले नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही, जी पूर्वी सहा महिने होती आणि आता चोवीस महिने आहे, प्राधिकरण हलले नाही की आरक्षण व्यपगत होते. निधी बँकेत पडून राहिला आणि बागेची जागा मात्र गेली, असे घडू शकते ते यामुळे. बांधकाम उभे राहिल्यावर ती जागा कोणत्याही रकमेला परत मिळत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याबाबत जरा कडक वाट धरली आहे. तेथे १९६५ च्या क्विंबी कायद्यानुसार नव्या वसाहतींच्या विकासकाला उद्यानासाठी जमीन किंवा तिच्या बदल्यात शुल्क द्यावे लागते. विकासकांकडून घेतल्या जाणाऱ्या इतर शुल्कांसाठी १९८७ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यानुसार स्थानिक संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत प्रत्येक निधीचा हिशेब जाहीर करावा लागतो. न वापरलेली रक्कम कोणत्या कामासाठी राखली आहे, हे दर पाच वर्षांनी सांगावे लागते. तसे न केल्यास ती मालकांना परत करण्याची तरतूद आहे. आपल्या कायद्यात अशी परताव्याची धास्ती नाही. माहिती अधिकाराखाली हिशेब मागता येतो खरा, पण तो मागितल्यावर मिळणारा हिशेब.

महानगर प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हरकतींचा पाऊस पडला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. नवे आरक्षण निश्चित होण्याआधीच परवाने मात्र दिले जातात, प्लॉट विकले जातात. नवा प्रारूप येईल तेव्हा हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांचा अवधी असेल. गावातील कोणती जागा मैदानासाठी आणि कोणती बागेसाठी, हे गट क्रमांकासह लेखी मांडण्याची ग्रामसभेला मिळणारी संधी तेवढ्या दिवसांचीच.