अनोळखी कोण? : फॉकलंड रोडच्या छायाचित्रांचा विचार

रस्त्यावरील अनोळखी माणसांचे छायाचित्रण हा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. परंतु कोणीही मुळात अनोळखी नसतो, पाहणाऱ्याच्या संदर्भात तो तसा ठरतो. मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातील फॉकलंड रोडचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

भारतात या दृष्टीला वासाहतिक पूर्वपीठिका आहे. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली गेली. चेहरा दिसे, व्यक्ती लोप पावे. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलेन मार्क १९६८पासून फॉकलंड रोडवर छायाचित्रे घेण्याचा प्रयत्न करीत होत्या, तेव्हा तेथील स्त्रियांनी त्यांच्यावर कचरा आणि पाणी फेकले. कॅमेऱ्याला मिळालेला हा नकारही या छायाचित्रांच्या इतिहासाचाच भाग होय. १९७८च्या अखेरीस त्या परतल्या, चिकाटीने तेथे वावरत राहिल्या. हळूहळू ओळखी झाल्या, खोल्यांची दारे उघडली. १९८१मध्ये ‘फॉकलंड रोड’ हे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

तत्पूर्वी, १९७२मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता. याच परिसराच्या बोलीतून घडलेल्या त्या कवितेला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना कित्येक शब्दांचे अर्थ विचारावे लागले. येथे अनोळखी ठरला तो पांढरपेशा वाचक. कवितेतील वस्ती आपली दुर्बोधता राखून असते. आत येण्यासाठी वाचकाला तिची भाषा शिकावी लागते. छायाचित्राला असा उंबरठा नसतो. मार्क यांनी परिश्रमाने मिळविलेली ओळख पुस्तकाच्या प्रेक्षकाकडे हस्तांतरित होत नाही. त्याच्यापुढे त्या स्त्रिया पुन्हा अनोळखीच उभ्या राहतात. संमती एका व्यक्तीला दिलेली असते. पाहणारे मात्र असंख्य असतात.

आज त्या रस्त्याला तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव यांचे नाव आहे. वेश्यावस्ती आक्रसली आहे, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. वस्ती पांगते तसतसे छायाचित्राचे दस्तऐवजी मोल वाढते, आणि त्याबरोबर त्याचे ऋणही. ढसाळ २०१४मध्ये गेले, मार्क २०१५मध्ये. दोघांची नावे कृतींवर आहेत. चित्रांतील स्त्रियांना मात्र आपला चेहरा परत मागण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही. रस्त्यावरील छायाचित्राची समीक्षा रचना आणि रंग यांपाशी थांबली, तर हा प्रश्न विचारलाच जाणार नाही.