अक्षराविना पत्ते

डिझाइनच्या अभ्यासासाठी मी सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे तिथले हाताने रंगवलेले पत्ते, निवडली. दशावतारी संच १२० गोल पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं. अक्षर एकही नाही. मत्स्याला मासा, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. पाच मासे मोजले की मत्स्याची पंजी. पानाच्या जमिनीचा रंगही अवतारागणिक बदलतो. पान बनवताना आधी चिंचोक्याची खळ, वर रंग, शेवटी लाखेचा हात. आमच्या वर्गातली बरीच चिन्हं या पानांवरच्या चिन्हांइतकी चटकन कळत नाहीत, हे माझं मत. छापील पत्ते स्वस्त झाले आणि चिताऱ्यांचं काम आटलं. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ते राजवाड्यात पुन्हा सुरू केलं. आता संच खपतात ते बहुधा शोभेसाठी. मला मात्र डाव शिकवणारं माणूस हवंय.