यवतमाळचा पळस आणि ब्यूटीन

ब्यूटीन हे पळसाच्या फुलातून मिळणारे पिवळे-नारिंगी रंगद्रव्य. फ्लेव्होनॉइड या वनस्पतिजन्य संयुगांच्या मोठ्या कुळात चॅल्कोन नावाची एक शाखा आहे, तिच्यात ते मोडते. कर्करोगावरील संशोधनात त्याचे नाव विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वारंवार येऊ लागले. त्याआधी ते रंगशास्त्राच्या ग्रंथांत होते आणि त्याही आधी होळीच्या हंड्यात, अर्थात बिननावाचे. जंगलातून येणाऱ्या रंगांच्या धंद्याची चढउतार समजून घ्यायची तर हे एक द्रव्य पुरेसे आहे.

उत्तर-पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्यांमधला यवतमाळचा डोंगराळ पट्टा म्हणजे सागवानी पानगळीचे जंगल. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत जंगल संपून शेत सुरू होते त्या पडीत जागी पळस हमखास असतो. पाणी साचणारी काळी चिकट माती बहुतेक झाडांना सोसत नाही, पळसाला सोसते. गुरेही त्याच्या पाल्याला फारसे तोंड लावत नाहीत. म्हणून जंगल तुटले तरी पळस मागे उरला. माघ-फाल्गुनात पाने झडलेल्या फांद्या फुलांनी भरतात, ते टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास अजूनही पाहायला मिळते.

कोलाम, गोंड, परधान, बंजारा आणि गावचे कुणबी अशा सगळ्यांच्याच जगण्यात हे झाड होते. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, मुळांच्या सालीचे दोर, खोडाचा लालसर डिंक, फांद्यांवर पोसलेली लाख, पोळ्याला दारात रोवायच्या फांद्या असे त्याचे उपयोग मोजत बसले तर यादी लांबते. फुलांचा उपयोग मात्र मुख्यतः एकच, रंगाचा. झाडाखाली पडलेली फुले वेचून उन्हात वाळवायची, रात्रभर पाण्यात भिजत घालायची किंवा सरळ हंड्यात उकळायची, की पिवळे पाणी सुटते. त्यात थोडी राख किंवा चुन्याची निवळी टाकली की तेच पाणी भगव्याकडे झुकते. धुळवडीला हाच रंग उडवायचा, आणि उन्हाळा बाधू नये म्हणून लहान मुलांना याच पाण्याने आंघोळ घालायची, अशी विदर्भातली जुनी रीत.

कापडावर मात्र या रंगाची पत कधीच मोठी नव्हती. तुरटी लावून सुती कापड पिवळे करता येई, पण ऊन आणि धुणे त्याला मानवत नसे. जॉर्ज वॉट यांनी १८८९ पासून प्रसिद्ध केलेल्या भारतातील आर्थिक उत्पादनांच्या कोशात पळसाच्या फुलांचा रंग आहे, आणि तो टिकत नाही हा शेराही आहे. वऱ्हाड-नागपूरच्या रंगाऱ्यांची खरी मदार आल या झाडाच्या मुळांवर होती. त्या लाल रंगातून जाडाभरडा खारवा तयार होई. दुसरा मान कुसुंब्याचा. पळस फुकट मिळणारा, सणापुरता आणि गरिबाच्या घरचा.

हा सारा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ‘वून’ म्हणून ओळखला जात असे. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि दारव्हा-पुसदचा भाग जोडला गेला. याच काळात इथल्या शेतीने कापसाकडे तोंड वळवले. कापूस गाठींनी बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे रंगीत कापड आत येऊ लागले. त्या कापडावरचा रंग झाडाचा नव्हता. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने डांबरापासून जांभळा रंग बनवला होता. १८६८ मध्ये मंजिष्ठेतले लाल रंगद्रव्य अलिझरिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि आलीसारख्या लाल मुळांचा बाजार बसला. १८९७ मध्ये जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. पळसाच्या रंगाला बाजारच नव्हता, त्यामुळे त्याचे नुकसानही कमी झाले आणि तो सणात टिकून राहिला.

विल्यम पर्किनचाच मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन. बापाच्या शोधाने वनस्पतींचे रंग मागे पडले आणि मुलाने लीड्समध्ये बसून त्याच रंगांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आयुष्य घालवले. वसाहतींतून आलेली मुळे, साली, फुले त्याच्या टेबलावर येत. १९०४ मध्ये त्याने आणि रंगकामाचे प्राध्यापक जे. जे. हमेल यांनी पळसाच्या फुलांवरील निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. ब्यूटिन आणि ब्यूटीन ही दोन द्रव्ये त्यात वेगळी ओळखली गेली. पहिले रंगहीन, दुसरे नारिंगी-पिवळे. नावे आली ती पळसाच्या ‘ब्यूटिया’ या शास्त्रीय नावावरून, आणि ते नाव ब्यूटचा अर्ल जॉन स्टुअर्ट या ब्रिटिश पंतप्रधानाच्या सन्मानार्थ ठेवलेले. झरी-जामणीच्या रानातल्या रंगाला स्कॉटलंडच्या सरदाराचे नाव चिकटले ते असे.

पर्किन आणि हमेल यांच्या कामाचे महत्त्व नावापुरते नाही. फुलात मोकळे ब्यूटीन अगदी थोडे असते. बराचसा साठा साखरेच्या रेणूंना बांधलेला असतो. साखर सुटली की ब्यूटिन मिळते, आणि अल्कलीच्या संगतीत रंगहीन ब्यूटिनचे कडे उघडून त्याचे रंगीत ब्यूटीन होते. हंड्यात राख किंवा चुना टाकणाऱ्या बायका हीच क्रिया घडवून आणत होत्या.

आर्थर पर्किनचा यवतमाळशी आणखी एक संबंध जुळतो, तोही न ठरवता. १८९९ मध्ये त्याने कपाशीच्या फुलांतून गॉसिपेटिन हे फ्लेव्होनॉइड वेगळे केले होते. म्हणजे या जिल्ह्याच्या बांधावरचे फूल आणि शेतातले फूल, दोन्हींचे रंग एकाच माणसाने पहिल्यांदा उलगडले. पुढचे काम भारतात झाले. वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात टी. आर. शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी १९३०-४० च्या दशकांत कपाशीच्या फुलांची रंगद्रव्ये तपासली, आणि पळसातल्या साखर-बद्ध संयुगांचीही मांडणी केली. ब्यूट्रिन आणि आयसोब्यूट्रिन ही नावे त्या पिढीच्या कामातून रूढ झाली.

औषध म्हणून पळसाचा जुना लौकिक फुलांपेक्षा बियांचा. जंतांवर पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, आणि जुलाबावर डिंक. फुलांचा लेप किंवा काढा लघवीच्या तक्रारींवर देत. कर्करोगाचा त्यात संबंध नाही, आणि जुन्या ग्रंथांत तो शोधत बसण्यात अर्थही नाही. आधुनिक संशोधनाची वाट यकृतावरून आली. १९८६ मध्ये जर्मनीतील हिल्डेबर्ट वाग्नर यांच्या गटाने पळसाच्या फुलातील आयसोब्यूट्रिन आणि ब्यूट्रिन यकृताच्या पेशींना विषापासून वाचवतात असे दाखवले. आयसोब्यूट्रिन अधिक प्रभावी, पण फूल वाळताना त्याचे हळूहळू ब्यूट्रिनमध्ये रूपांतर होते.

१९९८ मध्ये ब्यूटीनवरचा एक निबंध आला. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या टायरोसिन कायनेज या विकरांना, विशेषतः एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरच्या ग्राहकाला, ते रोखते असे मानवी यकृत-कर्कपेशींत दिसले. निरोपाची ही साखळी अनेक कर्करोगांत बिघडलेली असते आणि पुढे बाजारात आलेली काही औषधे तिच्यावरच बेतलेली आहेत, म्हणून या निष्कर्षाकडे लक्ष गेले. २००५ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्कपेशींत इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अरोमॅटेज विकरावर ब्यूटीनचा परिणाम तपासला. २०१० मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील गटाने पळसाच्या वाळलेल्या फुलांचा पाण्यातला अर्क, म्हणजे जवळजवळ होळीचेच पाणी, यकृताचा कर्करोग होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांना दिला. यकृताची ठेवण बरीच टिकली आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या पुरवणारे प्रथिन रक्तात कमी झाले. हा अर्क पोटाच्या पोकळीत टोचलेला होता, तोंडाने दिलेला नव्हता. बातम्यांत हा तपशील सहसा गळतो.

इथून पुढची वाट अवघड आहे. चॅल्कोनच्या मधल्या तीन कार्बनांची साखळी प्रथिनांतील गंधकयुक्त जागांना सहज चिकटते. त्यामुळे काचेच्या बशीत ब्यूटीन डझनभर विकरांना रोखताना दिसते, आणि हेच त्याचे दुखणे आहे; सगळ्यांना चिकटणारा रेणू नेमके औषध होत नाही. शिवाय ते पाण्यात फारसे विरघळत नाही. ब्यूटीन किंवा पळसाचा अर्क कर्करोगावरचे मान्यताप्राप्त औषध नाही, आणि फुलांचा काढा पिऊन उपचार लांबवणे धोक्याचे आहे.

वनस्पतीतल्या रेणूपासून रुग्णापर्यंत किती अंतर असते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या डायसोक्सिलम बिनेक्टॅरिफेरम या वृक्षात रोहितुकिन नावाचे संयुग असते. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात त्यावर १९८० च्या दशकात काम झाले आणि त्याच्या धर्तीवर फ्लेव्होपिरिडॉल हे कृत्रिम फ्लेव्होन बनवण्यात आले. पेशी-विभाजन चालवणाऱ्या सायक्लिन-आधारित कायनेजांना रोखणाऱ्या औषधांपैकी माणसांवर चाचणी झालेले ते पहिले. रक्ताच्या कर्करोगावर त्याच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालल्या, तरी ते रोजच्या वापरातले औषध झाले नाही. ब्यूटीन अजून त्या पायरीवरही नाही.

उद्या ते चढलेच, तरी यवतमाळच्या फुलांना भाव येईल असे मानण्याचे कारण नाही. ब्यूटीन पळसाची मक्तेदारी नाही. पूर्व आशियातील रोगणाच्या झाडातही ते असते आणि कोरियातील बरेचसे संशोधन त्याच झाडावर झाले. शिवाय दोन साध्या रसायनांची सांगड घालून ते प्रयोगशाळेत बनवता येते, आणि ही कृती रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे. झाडाच्या रंगाची जागा एकदा कारखान्याने घेतली, तशी ती याही वेळी घेईल. पळसाची कमाई आज आहे ती डिंक, लाख, पत्रावळी आणि होळीच्या सुक्या फुलांची, आणि ती वेचणाऱ्यांच्या हातात किती पडते हा प्रश्न ब्यूटीनपेक्षा जुना आणि निकडीचा आहे.