कसर, संग्रहालयांतील वस्त्रांची

लोकर, फर, पिसे, केस आणि काही प्रमाणात रेशीम खाणारी पतंगाची अळी. जुन्या पुस्तकांतली चंदेरी, बिनपंखी कसर हा निराळा कीटक होय. संग्रहालयांना मुख्य उपद्रव टिनिओला बिसेलिएला या जातीचा. तिचा पतंग ६ ते ८ मिमी. लांब, सोनेरी-पिवळसर, डोक्यावर तांबूस झुपका असलेला. तो काहीही खात नाही आणि उजेडापासून पळतो. केसापिसांतले केराटिन हे चिवट प्रथिन बहुतेक प्राण्यांना पचत नाही, अळीला पचते. घामाचे वा अन्नाचे डाग असलेला भाग ती आधी धरते.

पतंग दिसेपर्यंत नुकसान बहुधा झालेले असते, म्हणून खुणा शोधाव्यात. शिवणीत, कॉलरखाली, भिंतीवरच्या पडद्याच्या पाठीमागे रेशमी जाळी आणि वेडीवाकडी भोके दिसतात. विष्ठेचे बारीक कण कापडाच्याच रंगाचे असतात, त्यामुळे ते धूळ म्हणून झटकले जातात; ही चूक महागात पडते. टिनिया पेलिओनेला या कसरीच्या दुसऱ्या जातीची अळी धाग्यांची नळी अंगाभोवती घेऊन फिरते. गालिच्याचा भुंगेरा जाळी विणत नाही, केसाळ काती मागे टाकतो.

बाधित वस्तू लगेच पॉलिथिनमध्ये बंद करून वेगळी ठेवतात. मग तशीच ती उणे ३० अंश से. तापमानात ३ दिवस किंवा उणे २० अंशांवर २ आठवडे गोठवतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरते. रंगलेपित, मेणाच्या किंवा हस्तिदंत जडवलेल्या वस्तूंना थंडी सोसत नाही. त्या नायट्रोजन भरलेल्या, जवळजवळ प्राणवायूरहित आवरणात काही आठवडे ठेवतात. डांबरगोळ्या मात्र टाळाव्यात: उघड्या कपाटात त्या अळ्या मारत नाहीत, माणसाला अपायकारक ठरतात. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांत पूर्वी चोळलेले आर्सेनिक आजही असू शकते. हातमोज्यांशिवाय त्यांना हात लावू नये.

कापूस उत्पादकांना परिचित असलेले, मादीच्या गंधाने नरांना ओढणारे कामगंध सापळे इथेही लावतात. त्यांत फक्त नर अडकतात. त्यावरून कसर कुठे आहे ते कळते, तिचा नायनाट होत नाही. इंग्लंडमधील ब्लिकलिंग हॉल या वाड्यात नॅशनल ट्रस्टने २०२१ मध्ये ट्रायकोग्रामा इव्हॅनेसेन्स हे अर्ध्या मिलिमीटरचे परजीवी कीटक सोडून पाहिले. ते कसरीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. आपल्याकडे उसातल्या खोडकिडीवर लावल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्डांवर त्यांचेच भाऊबंद असतात. जोडीला, नरांना चकवणाऱ्या गंधाचाही तिथे वापर झाला. कोणताही उपाय केला तरी फटींतली धूळ, धुराड्यातली पक्ष्यांची घरटी आणि मेलेले उंदीर काढले नाहीत, तर कसर तिथूनच पुन्हा येते.