जात्यावरचा जिक्र

परतवाड्याला लागूनच अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीचं ठाणं. इथं नमाजनंतरची तसबीह आता कुणी बोटांवर मोजतं, कुणी ॲपवर: सुभानल्लाह ३३, अल्हम्दुलिल्लाह ३३, अल्लाहु अकबर ३४. शब्द अरबी, घरची बोली दखनी वळणाची. मग ज्या दादीला अरबी कळत नाही, तिचं स्मरण पोचतं का?

वाद जुनाच. आठव्या शतकात कूफ्याच्या इमाम अबू हनीफांनी नमाजमध्येसुद्धा फारसी पठणाला मुभा दिली होती. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि शैबानी यांनी ती अरबी न जमणाऱ्यांपुरतीच ठेवली. पुढं नमाज अरबीतच राहिली. बाहेरच्या दुआला मात्र बहुतेक उलेमा कुठलीही भाषा चालवून घेतात.

दख्खनमध्ये उत्तर जात्यावर सापडलं! विजापूरच्या सूफी परंपरेत दखनीतले चक्कीनामे झाले. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या पुस्तकात त्यांच्यावर लिहिलंय. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्लाह. मधली खीळ म्हणजे मुहंमद. बाई दळता दळता दखनीत गाणार, नाव तेवढं अरबी. आपल्या ओव्या आठवा, काम तेच, जातंही तेच. मला तर फतव्यांपेक्षा हेच जास्त पटतं.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर ‘योगसंग्राम’ थेट मराठीत लिहिला. ते पुढच्या भागात.