बोंब आमची, मार त्याचा

आमच्या अंथुर्ण्यात वर्षातला एक दिवस असा येतो, की गावातल्या माणसांपेक्षा परगावची माणसं जास्त असतात. तुकोबारायांची पालखी सणसरचा मुक्काम हलवते, बेलवडीला गोल रिंगण होतं आणि पालखी आमच्याकडं मुक्कामाला येते. त्या रात्री ओसरीवर कोण झोपलंय, कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, कोणी विचारत नाही. भाकरी वाढायची, अंथरूण टाकायचं. आमचं गाव परक्या माणसाला भिणारं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचंय ते ह्याच गावात घडलं आणि त्यात मी होतो.

साल 1973. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून गेली नव्हती. नीरा डाव्या कालव्यामुळं आमच्याकडं जरा हिरवं दिसायचं, पण जिरायती भागातली माणसं खडी फोडायला जायची. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी, हेच खाणं. पोटासाठी माणसं गावोगाव हिंडत होती. तिकडं भीमेवर उजनी धरणाचं काम चाललं होतं. आमच्या आया सांगायच्या, पायात पोर पुरल्याशिवाय धरणाची भिंत टिकत नाही, म्हणून पोरं धरणारे फिरत्यात. आम्ही उन्हातान्हात हिंडू नये म्हणून सांगायच्या. पण सांगून सांगून त्यांनाही ते अर्धं खरं वाटायला लागलं होतं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं चारीवर बसलो होतो. माझ्याबरोबर चुलत्याचं पाच वर्षांचं पोरगं होतं. समोरून एक म्हातारा डवरी गोसावी आला. भगवी कफनी, खांद्याला मोठी झोळी, हातात डौर. नाथाची गाणी म्हणत हे लोक दारोदार फिरायचे, आम्ही त्यांना लहानपणापासून बघत होतो. आमच्यातल्या एकानं ती फुगलेली झोळी बघितली आणि म्हणाला, "मज्जा करू या." चुलत्याच्या पोराला गुळाचा खडा देऊन मी उसात बसवलं. आणि मग आम्ही तिघांनी बोंब ठोकली, "गोसाव्यानं पोर नेलं! झोळीत घातलं!"

आम्हाला वाटलं, माणसं येतील, झोळी उलटी करतील, पीठ सांडेल, आपण हसू. उसाला पाणी देणारी माणसं खोरी घेऊनच पळत आली. झोळी कोणी उघडलीच नाही. पहिला दांडा पडला तेव्हा म्हातारा डौर छातीशी धरून उभा होता. दुसरा मनगटावर बसला. डौर खाली पडला, त्याच्यावर कोणाचा तरी पाय पडला. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज निघेना. तेवढ्यात पोर गूळ चघळत उसातून बाहेर आलं.

सगळे गप झाले. "पोरांना भास झाला आसंल," म्हणत माणसं पांगली. आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आज्जीनं हळद लावून कामट्यांनी त्याचा हात बांधला. दोन दिवस तो देवळात पडून होता. जाताना त्यानं फुटलेल्या डौराचे तुकडे मागून घेतले. आज्जीला म्हणाला, "पोर घावलं न्हवं माय? मग झालं." तो हात उजवा होता. त्या हातानं पुन्हा डौर वाजला असेल, असं मला वाटत नाही. तो आमच्या गावाला परत आला नाही.

आम्ही कुठं मारलं? हेच मी पंचेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो.

मग 2018 साल आलं. पोरानं मला मोठा फोन घेऊन दिला होता. पोरं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा, असे मेसेज येत होते. त्या वर्षी एक चित्रफीत देशभर फिरली. मोटारसायकलवरची दोघं पोर उचलून नेतात, एवढंच त्यात दिसायचं. मूळची ती पाकिस्तानातल्या कराचीची. पोरांवर लक्ष ठेवा, हे आईबापांना शिकवण्यासाठी तिथल्या एका संस्थेनं ती तयार केली होती. शेवटी ती माणसं पोर परत आणून सोडतात आणि समजुतीची पाटी दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी ती आमच्या भावकीच्या ग्रुपवर ढकलली. खाली लिहिलं, "काळजी घ्या."

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. पाच डवरी गोसावी तिथं एसटीतून उतरले. बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढंच निमित्त झालं. जमावानं त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं पाचही जणांचा जीव घेतला. त्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबामागं लागला होता. त्यांच्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. तिथल्या एका माणसानं त्यांना घरात घेतलं, पोलीस पोचले, सगळे वाचले. म्हणजे एक माणूस आडवा उभा राहिला तरी पुरतं. आमच्या चारीवर आम्ही तिघं होतो.

राईनपाड्याची बातमी वाचली आणि माझ्या हातातला पेपर हलायला लागला. तीच जमात, तीच झोळी, तीच बोंब.

2024 साली धुळ्याच्या कोर्टानं सात जणांना जन्मठेप दिली. ज्यांनी हात उचलला त्यांना शिक्षा झाली, ते बरोबरच आहे. पण ज्यांनी नुसतं बोट लावून मेसेज पुढं ढकलला, ते हजारो लोक त्या रात्री जेवून झोपले. मी पण झोपलो. त्याच महिन्यात कंपनीनं एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल, असं केलं. पण बोंब मारायला एक जागा पण पुरते, हे मी बाराव्या वर्षी बघितलंय.

2012 साली लंडनच्या एका दवाखान्यातही असंच झालं होतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन रेडिओवाल्यांनी राणीचा आवाज काढून गमतीनं फोन केला. मूळच्या आपल्या देशातल्या एका परिचारिकेनं तो खरा समजून पुढं जोडून दिला. जग हसलं. तीन दिवसांनी तिनं जीव दिला. असं होईल हे मनातही नव्हतं, म्हणून ते दोघं टीव्हीवर रडले. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आमच्याही मनात नव्हतं.

पण शेतकऱ्याला एक गोष्ट कळते. आपण आपल्या रानातलं पाचट पेटवलं आणि वारं फिरून शेजाऱ्याचा ऊस जळाला, तर "वाऱ्यानं जाळला" असं म्हणून सुटता येत नाही. काडी कोणी ओढली, एवढंच गाव विचारतं. मुद्दाम केलं नाही म्हणून पाप कमी होत असेल, पण भरपाई आपल्यालाच द्यावी लागते. वारं कुठलं आहे ते बघूनच काडी ओढायची असते. आणि गावात भीतीचं वारं होतं, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. म्हणून तर ती गंमत आम्हाला सुचली.

ग्रुपवर मी लिहिलं, "मी पाठवलेलं खोटं होतं." दोघांनी हसण्याची चित्रं टाकली. चुलत्याच्या त्या पोराला, आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे, मी सगळं सांगितलं. त्याला फक्त गूळ आठवत होता.

मागच्या सुगीत एक तरणा डवरी दारात आला. मी त्याला विचारलं, "तुमच्यात उजवा हात मोडलेला म्हातारा होता का रे कोणी, फार पूर्वी?"

तो म्हणाला, "आमच्यात मोडल्याले हात लई हायेत, आण्णा. तुमी कुठला म्हंता?"

मी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि जसं घडलं तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, काही बोलला नाही. पायलीभर ज्वारी झोळीत घेतली आणि पुढच्या घराकडं गेला.