बाबांची फियाट आणि इंजिनाचा घोळ

मिसरोदला आमच्या पोर्चमध्ये बाबांची 1973ची फियाट उभी आहे, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ला कारखान्यातली. मेकॅनिक म्हणाला, 118 एनईचं निसानवालं 1171 सीसी इंजिन टाका, पळेल! 1985ला प्रीमियरनेच आणलेली ती गाडी, त्यामुळे मोह झालाच. नंतर पद्मिनीतही डिझेल इंजिन आलंच की.

पण 2021च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला विंटेज नोंदणी हवी, तर चासी, बॉडी, इंजिनात बदल चालत नाही. शिवाय 118 एनईचा गिअर खाली फ्लोअरला. बाबांनी होशंगाबाद रोडवर मला शिकवलं ते स्टिअरिंगवरच्या गिअरवर! म्हणून जुनं 1089 सीसीच दुरुस्त करतोय. वायरिंग तेवढी नवीन.